हाडांचा टँकर आणि वायपरची मोटर : मांडणशिल्पाचा नांदेड-लातूरशी संबंध काय?

लातुरात पाण्याची पहिली रेल्वे आली ती १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे. आदल्या दिवशी मिरजेहून निघालेल्या त्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि एकेकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. मांजरा धरण आटले होते. टँकरभोवती अशी झुंबड उडायची की मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावे लागले होते. या घटनेच्या आठ वर्षे आधी मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी ‘अ‍ॅक्वासॉरस’ नावाचे एक शिल्प घडवले होते. शिल्प म्हणजे पाण्याचा टँकर, पण तो सारा हाडांचा. सुमारे सात मीटर लांबीच्या या टँकरची टाकी, चाके, पुढचे तोंड असे सगळे एखाद्या लुप्त झालेल्या महाकाय प्राण्याच्या सांगाड्यासारखे. रस्त्यावर रोज दिसणारे वाहन अचानक पुराणवस्तू होऊन समोर येते आणि पाण्याच्या धंद्यात कोण कोणाला खातो, हा प्रश्न आपोआप पडतो.

ज्यांनी २०१६ चा उन्हाळा घागरी घेऊन काढला, त्यांना या शिल्पाचा अर्थ उलगडून सांगावा लागला नसता. पण असे काम लातूरच्या एखाद्या चौकात उभे राहिले नाही. तंत्रज्ञान आणि बाजार यांनी बदललेले जगणे हा आजच्या मांडणशिल्पाचा मुख्य विषय आहे. तो विषय नांदेड-लातूरमध्ये ठायी ठायी पडला आहे. तो मांडणारे कसबी हातही इथे आहेत. अडचण आहे ती या दोघांना एकत्र आणणाऱ्या जागेची. या अंगाने गेल्या अर्ध्या शतकातल्या कामाकडे पाहिले पाहिजे.

मांडणशिल्पात कलावंत वस्तू, आवाज, प्रकाश, पडद्यावरची चित्रे आणि मुख्य म्हणजे मोकळी जागा वापरतो. बघणारा चौकटीसमोर उभा राहत नाही, तो त्या मांडणीच्या आत चालतो. पाश्चात्त्य कलेत याचे अनेक पूर्वज सांगितले जातात, त्यांत कोरियात जन्मलेल्या नाम जून पाइक यांचे नाव घ्यायलाच हवे. त्यांच्या १९७४ च्या ‘टीव्ही बुद्ध’मध्ये बुद्धाची एक मूर्ती टीव्हीसमोर बसलेली आहे. टीव्हीवर दिसते ती तीच मूर्ती, कारण समोर कॅमेरा लावलेला आहे. आज प्रत्येकाच्या हातात स्वतःकडे रोखलेला कॅमेरा असताना हे काम जास्तच बोलते.

मुंबईत याची सुरुवात बहुतेकांना वाटते त्यापेक्षा आधीची आहे. अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’ सुरू केले. चित्रकारांच्या हाती कॅमेरा आणि फिल्म देणारी ती जागा होती. जे. जे. कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी तिथे काम करत. त्यांच्या ‘युटोपिया’ या कामात दोन पडदे शेजारी शेजारी आहेत. एकावर आधुनिक घरांच्या स्वप्नाची रंगीत आकृती, दुसऱ्यावर खिडकीतून झोपड्यांकडे बघणारी तरुण मुलगी. पहिला भाग १९६९ चा, दुसरा १९७६ चा. दोन पडद्यांमधल्या त्या सात वर्षांत देशाच्या आशेचे काय झाले, ते एकही शब्द न बोलता कळते. पुढे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर त्यांनी मंटोच्या ‘टोबा टेकसिंह’ या फाळणीवरच्या कथेचा आधार घेऊन अनेक पडद्यांची मांडणी केली. मराठी वाचकाला मलानी चित्रकार म्हणून ठाऊक असतात, पण माझ्या मते त्यांचे पडद्यावरचे कामच अधिक मोठे आहे.

खरा बदल १९९१ नंतर झाला. बाजार खुला झाला, घरोघरी केबल आली आणि १९७७ मध्ये देश सोडून गेलेला कोकाकोला १९९३ मध्ये परतला. शर्मिला सामंत यांची ‘हॅण्डमेड साडी’ याच काळातली, नव्वदच्या दशकाच्या अखेरची. फेकून दिलेली कोकाकोलाची बुचे धातूच्या कड्यांनी एकमेकांत गुंफून त्यांनी अख्खी साडी तयार केली, त्यात कोयरीची नक्षीही आणली. लांबून ती भरजरी दिसते. जवळ गेल्यावर बुचावरची अक्षरे वाचता येतात आणि ही साडी नेसणाऱ्या बाईला हे ओझे किती होईल, याचा विचार मनात येतो. हातमागावर साडी विणणाऱ्या मुलखातल्या बाईला हे काम समजायला दुभाषी लागणार नाही.

सामंत यांच्याबरोबर ‘ओपन सर्कल’ या गटात असलेले तुषार जोग (१९६६–२०१८) यांनी ‘युनिसेल पब्लिक वर्क्स सेल’ ही कल्पित संस्था काढली. सरकारी खात्याच्या आणि कंपनीच्या भाषेत ती लोकांच्या अडचणींवर विचित्र यंत्रे सुचवायची. जोग २०१० मध्ये मुंबईहून मोटारसायकलने शांघायला निघाले. वाटेत सरदार सरोवर आणि चीनमधले थ्री गॉर्जेस अशी दोन धरणे त्यांनी मुद्दाम घेतली. धरण, विस्थापन आणि महानगराची तहान हा त्या प्रवासाचा विषय होता. जोग फार लवकर गेले. मराठीत त्यांच्यावर जेवढे लिहायला हवे होते, त्याच्या पासंगालाही पुरेल इतके लिहिले गेलेले नाही.

अतुल दोडिया यांनी दुकानांच्या लोखंडी शटरवर चित्रे काढली. शटर खाली असताना एक चित्र दिसते, वर केले की आत दुसरे. दंगलीत धडाधड बंद होणारी शटरे मुंबईने पाहिली होती, त्यामुळे या कामाला धार आली. २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधील ‘सेंच्युरी सिटी’ प्रदर्शनात मुंबईचा जो विभाग होता, त्यात ही शटरे होती. शिल्पा गुप्ता यांनी ‘युअर किडनी सुपरमार्केट’मध्ये मूत्रपिंडे विकायला ठेवावीत असे दुकान थाटले. त्यांचे २००३ चे ‘ब्लेस्ड बँडविड्थ’ नांदेडच्या वाचकाला विशेष जवळचे वाटेल. त्यांनी संगणकाच्या जाळ्याची वायर वेगवेगळ्या धर्मांच्या पवित्र स्थळी नेऊन तिच्यासाठी आशीर्वाद घेतला आणि संकेतस्थळावर येणाऱ्याला तो आशीर्वाद उतरवून घेण्याची सोय केली. तेव्हा ही कल्पना अजब वाटली असेल. आज मोबाइलवर थेट दर्शन घेणारे, घरबसल्या प्रसाद मागवणारे कुटुंब प्रत्येक गल्लीत आहे. श्रद्धेची खिल्ली न उडवता श्रद्धा आणि बाजार एका वायरीवर कसे येतात, हे गुप्ता यांनी वीस वर्षे आधी दाखवले.

बाजाराने सर्वांत खोल हात घातला तो घरात. हे ओळखणाऱ्या प्राजक्ता पोटनीस. ठाण्यात वाढलेल्या, जे. जे. मध्ये शिकलेल्या. त्यांच्या कामात फ्रिज, मिक्सर, भिंतीचे पोपडे, भाज्या अशा वस्तू येतात. त्यांच्या छायाचित्रांत फ्रीझरचा आतला बर्फाळ कोनाडा एखाद्या निर्जन दालनाएवढा भासतो. २०१४ मध्ये बर्लिनला त्यांनी ‘द किचन डिबेट’ हे प्रदर्शन केले. हे नाव आले आहे १९५९ च्या एका प्रसंगातून. मॉस्कोतल्या अमेरिकन प्रदर्शनात अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह हे दोघे नमुन्याच्या स्वयंपाकघरासमोर उभे राहून कोणाची व्यवस्था चांगली यावर भांडले होते. दोन महासत्तांचे भांडण कपडे धुण्याच्या यंत्रावर यावे, यात पोटनीस यांना आपल्या ओट्याचा इतिहास सापडला. मुंबईचे कौशिक मुखोपाध्याय जुने पंखे, मिक्सर, खेळणी, बिघडलेली घरगुती यंत्रे जोडून नवी, निरुपयोगी पण जिवंत यंत्रे करतात. २०१७ मध्ये त्यांचे ‘स्क्वीझ लाइम इन युअर आय’ हे प्रदर्शन मुंबईत झाले. बटण दाबले की खडखडाट होतो, काहीतरी हलते, लहान मुले खूश होतात आणि मोठ्यांना आपल्या माळ्यावर पडलेल्या वस्तू आठवतात. ई-कचऱ्याचे नियम देशात २०११ मध्ये आले, पुढे २०१६ आणि २०२२ मध्ये बदलले. तरी बंद पडलेला मोबाइल ड्रॉवरमध्येच राहतो. दिल्लीत विवान सुंदरम यांनी ‘ट्रॅश’साठी कचरा वेचणाऱ्यांच्या मदतीने स्टुडिओत कचऱ्याचे अख्खे शहर रचले होते, तेही याच वाटेवरचे काम.

महानगराबाहेरचे दोघे जण आपल्याला अधिक शिकवतात. नागपूरचे वलय शेंडे बारीक धातूच्या चकत्या जोडून माणसे, जनावरे, वाहने उभी करतात. मजुरांनी भरलेला त्यांचा ट्रक पाहताना ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या डोळ्यांसमोर येतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते खाणकामगारांच्या घरात जन्मले. कोळशाने भिंतीवर काढलेली प्रचंड चित्रे, त्यांत आवाज, हलती चित्रे आणि अंधार, अशी त्यांची मांडणी असते. माणसाच्या डोक्याच्या जागी दिवा किंवा यंत्राचा भाग येतो. २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचे ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ झाले आणि २०२१ मध्ये वेल्समधला ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार विभागून त्यांना मिळाला. सास्तीचा कोळसा जगाला कळला, कारण पाचपुते यांनी विषय बाहेरून आणला नाही आणि साहित्यही बाहेरून आणले नाही. मराठवाड्यातल्या तरुण कलावंताने ही गोष्ट गाठीला बांधावी.

आता आपल्याकडे काय आहे?

सर्वांत आधी गणेशोत्सवातला हलता देखावा. त्याची गणना कलेत होत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. देखाव्याची तयारी उत्सवाच्या दीड-दोन महिने आधी सुरू होते. भंगारातून जुन्या ट्रक-जीपच्या वायपरच्या मोटारी आणल्या जातात. बारा व्होल्टवर चालणारी ही मोटर फिरते सावकाश, पण ओढते दमदार, कारण तिच्या आत वर्म गिअर असतो. तिच्या दांड्याला लोखंडी पट्टी जोडली की गोल फिरणे पुढे-मागे हलण्यात बदलते. मग राक्षसाची मान वळते, शेतकऱ्याचा हात कपाळाला जातो, मोटेचे बैल मागे सरतात. जड मूर्तीला तोल साधण्यासाठी मागून वजन बांधतात. निवेदनाचा आवाज पूर्वी कॅसेटवर असे, आता पेनड्राइव्हवर. कोणत्या वाक्याला कोणता दिवा लागायचा, पडदा कधी सरकायचा, धूर कधी सोडायचा, हे टायमर आणि रिले लावून बसवलेले असते. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल गेला, त्याची जागा पुठ्ठा, कापड आणि बांबूने घेतली. पाच-सात मिनिटांचा खेळ, बाहेर रांग, आत अंधार. अनेक माध्यमांच्या मांडणशिल्पाला जे जे लागते, ते सगळे इथे आहे आणि ते करणारा माणूस वायरमन किंवा मंडपवाला आहे.

देखाव्याचे विषयही आजचेच असतात. दुष्काळ, स्त्री भ्रूणहत्या, शेतकरी आत्महत्या, आणि अलीकडे मुलांच्या हातातला मोबाइल. मग कमी काय पडते? देखावा शेवटी भाषण करतो. निवेदक सगळे सांगून टाकतो, बघणाऱ्याला स्वतः काही जोडायला उरत नाही. अक्षरे वाचायला लावणारी बुचांची साडी आणि निरोप ऐकवणारा देखावा यांत हा फरक आहे. पण तो भरून काढता येतो. निवेदन काढून टाका, मूर्तीऐवजी खऱ्या वस्तू ठेवा, रांगेतल्या माणसाला आत फिरू द्या. पुढचे काम लोक करतात. उलट दिशेची चूकही आपल्याकडे होते. स्नेहसंमेलनात प्लास्टिकच्या बाटल्यांचा पृथ्वीगोल करून त्यावर ‘पर्यावरण वाचवा’ लिहिले की मांडणशिल्प झाले, असे मानले जाते. ती घोषणा असते, तिच्यात बघणाऱ्याला अडवणारे काही नसते.

नांदेडला प्रकाश-आवाजाच्या प्रयोगाची सवय आहे. सचखंड गुरुद्वाऱ्याजवळच्या गोविंद बागेत संध्याकाळी कारंजी आणि लेझरच्या साहाय्याने गुरूंच्या चरित्राचा कार्यक्रम दाखवला जातो. देशभरातून आलेले भाविक आणि गावातली कुटुंबे तो एकत्र बसून बघतात. उद्देश वेगळा असला तरी पडदा, प्रकाश आणि आवाज यांच्या भाषेला बसलेला प्रेक्षक तिथे तयार आहे. शिवाय नांदेडमध्ये राष्ट्रध्वजाची खादी तयार करणारे मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे केंद्र आहे, लातूर जिल्ह्यातल्या उदगीरलाही ध्वजाचे कापड विणले जाते. ३० डिसेंबर २०२१ च्या बदलानंतर यंत्रावरचा आणि पॉलिस्टरचा ध्वजही चालू लागला. हातमागाचा ठोका आणि पॉलिस्टरच्या ढिगाची सळसळ शेजारी शेजारी ऐकवणारी खोली नांदेडच्या कलावंताशिवाय कोण करणार?

लातूरकडे तर विषयांची रास आहे. १९१७ ची गंजगोलाई पाहा. मधोमध जगदंबेचे मंदिर, त्याभोवती गोलाकार बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोने, भांडी, कापड, मिरची अशा एकेका मालाची एकेक वाट. तिथे मधोमध उभे राहिले की सगळ्या धंद्यांचा आवाज एका वेळी कानावर येतो. अंगभूत मांडणी असलेली अशी जागा महाराष्ट्रात फारशी सापडायची नाही. दुसरीकडे ट्युशन एरिया. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांनी ‘लातूर पॅटर्न’ गाजला, त्यातून शिकवण्यांची बाजारपेठ उभी राहिली. तिथल्या फलकांवर मुलांचे चेहरे आणि गुण, खाली मेस, वसतिगृह, झेरॉक्स, अभ्यासिका. मुलगा वर्गात बसला की हजेरीचा संदेश गावाकडच्या बापाच्या मोबाइलवर. मुंबईच्या ‘कॅम्प’ या गटाने २०२२ च्या ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’मध्ये उंच इमारतीवर बसवलेल्या पाळतीच्या कॅमेऱ्यातून शहर टिपले आणि ते सात पडद्यांवर दाखवले. कोणी कोणावर नजर ठेवायची, हा त्यातला प्रश्न ट्युशन एरियातल्या वर्गात रोज उभा असतो.

आणि फ्लेक्स. निकाल लागला, वाढदिवस झाला की चौकातला फ्लेक्स उतरतो आणि गावाकडे जातो. तिथे तो सोयाबीनच्या बनिमीवर पावसापासून आडोसा म्हणून घातला जातो, गोठ्यावर पसरला जातो, न्हाणीला आडवा बांधला जातो. मुलांचे गुण किंवा दोन हात जोडलेले पुढारी उलटे होऊन शेंगा झाकतात. त्याला चारही बाजूंनी दगड लावलेले, वाऱ्याने कडा फडफडणाऱ्या. बाजाराने केलेली जाहिरात शेतकऱ्याने ताडपत्री म्हणून स्वीकारली, हा व्यवहार इतका बोलका आहे की कलावंताने तो नुसता उचलून दालनात आणला तरी पुरे. तसेच लग्नाकार्यातले वीस लिटरचे जार. दुष्काळाने पाणी मोजून विकत घ्यायला शिकवले, पाऊस चांगला झाला तरी ती सवय मोडली नाही.

मग हे काम का होत नाही? मराठवाड्यातले एकमेव शासकीय कला महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे नांदेड-लातूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. शिकलेली मुले तिथूनच पुण्या-मुंबईकडे वळतात किंवा कलाशिक्षक होतात. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो की हे विकत कोण घेणार, आणि तो चुकीचा नाही. चित्र भिंतीवर जाते, मांडणशिल्प आठवड्याने मोडावे लागते. त्यासाठी अनुदान लागते, अंधार करता येईल असे दालन लागते, भार सोसणारी वीजजोडणी लागते, रात्री राखण लागते. सभागृहे दोन्ही शहरांत आहेत. असे दालन नाही. मराठीतले लेखनही तुटपुंजे. सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ने आणि अभिजीत ताम्हणे यांच्या ‘लोकसत्ता’तल्या लेखनाने ही कला मराठीत आणली. पण कलावंताचे निवेदन इंग्रजीत आणि तेही दुर्बोध, ही मुंबईतल्या दालनांची खोड अजून गेलेली नाही. देगलूरचा किंवा निलंग्याचा विद्यार्थी त्या कागदाशीच अडतो, कामापर्यंत पोहोचत नाही.

छोट्या शहरात हे चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी कोची पाहावे. १२ डिसेंबर २०१२ रोजी तिथे द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झाले. केरळ सरकारने पैसे दिले, जुनी गोदामे वापरली आणि रिक्षावाले, मच्छीमार, शाळकरी मुले रांगा लावून आली. अतुल दोडिया यांनी २०१४ मध्ये भाऊ दाजी लाड संग्रहालयात ‘७००० म्युझियम्स’ हे प्रदर्शन केले. देशात गावोगावी संग्रहालय असावे, ही त्यामागची कल्पना. ती अजून कागदावरच आहे. नांदेड-लातूरला कोचीएवढे काही नको. जुन्या जिनिंगची एक शेड, आडत बाजारातले एक रिकामे गोदाम किंवा बंद पडलेले एक चित्रपटगृह पुरेल.

म्हणून तिघांना विनंती. जिल्हा नियोजन समितीने दोन्ही शहरांत अशी एकेक जागा वर्षभरासाठी राखून ठेवावी आणि तिची वीज भरावी. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने कलेच्या विद्यार्थ्यांबरोबर आयटीआयमधल्या वायरमनच्या विद्यार्थ्यांनाही एका प्रकल्पात घ्यावे. आणि गणेश मंडळांनी येत्या उत्सवात आपला देखावा एखाद्या कलाविद्यार्थ्याच्या हाती सोपवून बघावा. मोटर बसवणारा माणूस नेहमीचाच ठेवा, फलकावर त्याचे नाव कलावंताच्या नावाशेजारी लिहा आणि निवेदनाचा पेनड्राइव्ह तेवढा काढून ठेवा.